एक भाऊ इकडे, एक तिकडे

कमिला शम्सी यांची 'होम फायर' ही कादंबरी २०१७ साली आली, २०१८ साली तिला 'विमेन्स प्राइझ' मिळालं, आणि तेव्हापासून ती माझ्या 'वाचायच्या' यादीत पडून होती. परवा एकदाची वाचून झाली. गोष्ट लंडनमधल्या तीन पाकिस्तानी वंशाच्या भावंडांची आहे. थोरली बहीण ईस्मा आणि तिनं वाढवलेली दोन जुळी, अनिका आणि परवेझ. परवेझ कुणाच्या तरी नादी लागून सीरियात रक्काला जातो, तिथे गेल्यावर पस्तावतो, परत यायला बघतो आणि मारला जातो. त्याचा मृतदेह ब्रिटनमध्ये पुरू द्यायचा नाही असं ब्रिटनचा गृहमंत्री ठरवतो. हा गृहमंत्रीही पाकिस्तानी वंशाचाच. आणि अनिका भावाच्या देहासाठी सरकारशी भांडत राहते. सोफोक्लीसच्या 'अँटिगनी'चा हा आजचा अवतार आहे. राज्याशी द्रोह केलेल्या भावाला मूठमाती द्यायची की नाही, हा अडीच हजार वर्षांपूर्वीचा प्रश्न बाईंनी उचलून पासपोर्टच्या जगात आणून ठेवला आहे.

कादंबरी चांगलीच आहे, पण मी इथे तिचं परीक्षण लिहीत नाहीये. वाचता वाचता माझं मन भलतीकडे गेलं, त्याबद्दल लिहायचं आहे. परवेझचा देह शेवटी जातो कुठे, तर कराचीला. लेखिकाही मूळची कराचीचीच. आणि कल्याणच्या पुढे राहणाऱ्या आम्हा मंडळींना कराची म्हटलं की लंडन आठवत नाही, उल्हासनगर आठवतं.

मी बदलापूरला राहते. रोजच्या लोकलमधून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ ही स्टेशनं इतकी वर्षं बघते आहे की आता ती दिसतही नाहीत. उल्हासनगरबद्दल आपल्याकडे मराठी घरांत बोललं जातं ते बहुतेक विनोदातच. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तर तुम्ही सगळ्यांनी ऐकलेला असेल. जीन्स तिथून, फर्निचर तिथून, लग्नाचं कापड जपानी बाजारातून. पण ही माणसं इथे कशी आली, येताना कुणाला मागे ठेवून आली, हे आपण कधी विचारत नाही. मीही बरीच वर्षं विचारलं नव्हतं. ऑफिसातल्या एका उल्हासनगरच्या मैत्रिणीमुळे हा विषय माझ्यापर्यंत आला. तिच्याबद्दल पुढे सांगतेच.

आधी थोडा इतिहास. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ, उल्हास नदीच्या काठच्या माळावर सैन्यासाठी मोठा तळ बांधला होता. लांबच्या लांब बराकी, वर पत्रे किंवा कौलं. युद्ध संपलं, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. १९४७-४८ मध्ये सिंधमधून निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा सरकारनं त्यांना याच बराकींत आणून ठेवलं. एकेका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे आणि जुन्या साड्यांचे पडदे. ही वस्ती 'कल्याण कॅम्प' म्हणून ओळखली जाऊ लागली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नगराची कोनशिला बसली आणि नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. घरंदारं सोडून आलेल्या लाखाच्या घरातल्या माणसांच्या वस्तीला 'उल्हास' हे नाव मिळावं, ही नदीची कृपा. आजही पत्ता सांगताना लोक 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' असंच सांगतात. पंचाहत्तरच्या वर वर्षं झाली, तरी कॅम्प हा शब्द काही गेला नाही.

आता सिंधची गोष्ट पंजाब-बंगालपेक्षा वेगळी आहे. पंजाब आणि बंगालची फाळणी झाली, नकाशावर रेघ ओढली गेली. सिंध मात्र अखंडच्या अखंड पाकिस्तानात गेला. १९४१च्या जनगणनेत सिंधची लोकसंख्या सुमारे ४५ लाख होती आणि त्यात १२ लाखांच्या वर हिंदू होते. शहरांमध्ये त्यांचं प्रमाण बरंच जास्त. व्यापार, वकिली, शिक्षण, सरकारी नोकऱ्या यांत ते पुढे होते. १५ ऑगस्टला यातल्या बहुतेकांनी घर सोडलेलं नव्हतं. राज्यकर्ते बदलतात, आपण कशाला गाव सोडायचं, असा विचार. पंजाबसारखी कत्तल सिंधमध्ये झाली नाही. पण इकडून गेलेले निर्वासित तिकडे पोचू लागले, घरं अपुरी पडू लागली, दडपण वाढलं. डिसेंबर १९४७ मध्ये हैदराबादला (सिंधमधल्या) दंगल झाली आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत. त्यानंतर मात्र बोटी भरभरून मुंबईकडे येऊ लागल्या आणि आगगाड्या मारवाडच्या वाळवंटातून.

आपण 'सगळे आले' असं म्हणतो, पण अख्खं घर एका दिवशी उठून आलं असं बहुतेक ठिकाणी झालं नाही. माझ्या मैत्रिणीच्या घरचंच सांगते. तिचे आजोबा सक्करचे. तीन भाऊ. धान्याचं दुकान, गावात भरपूर उधारी. जानेवारीनंतर घरात बसून ठरलं ते असं: मधला भाऊ पुढे मुंबईला जाऊन जागा बघेल, धाकटा आई आणि बायकामुलांना घेऊन बोटीनं येईल, आणि थोरला तिथेच थांबून उधारी वसूल करेल, दुकान-घर विकेल आणि मग येईल. चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न! मधला म्हणजे तिचे आजोबा. ते इथे कॅम्पात आले आणि लोकलमध्ये गोळ्या-बिस्किटं विकू लागले. धाकटा ठरल्याप्रमाणे सगळ्यांना घेऊन आला. थोरला आलाच नाही. आधी दुकानाला गिऱ्हाईक मिळेना, मग भाव येईना, मग घरात दुसरंच कुटुंब येऊन राहिलं आणि त्यातली एक खोली तरी हातची जाऊ नये म्हणून तो बसून राहिला. मग नियम बदलले. सत्तरच्या दशकात कधीतरी तो तिकडेच वारला.

या हकिकतीत देशनिष्ठा कुठे आली? थोरल्यानं पाकिस्तान निवडलं नव्हतं. मधल्यानं हिंदुस्थान निवडला होता असंही म्हणता येत नाही, तो जागा बघायला आला होता. तिघांनी मिळून जे केलं ती कामाची वाटणी होती. एकानं शेत बघायचं, एकानं शहरात कमवायचं, एकानं आईला सांभाळायचं, ही प्रत्येक घरात होते तशी. नंतर सरकारांनी आपापले कायदे केले आणि कामाची वाटणी होती ती देशांची वाटणी होऊन बसली.

हे कसं घडलं ते तारखांवरून कळतं. सुरुवातीला जाण्यायेण्यावर बंधन नव्हतं. माणसं इकडे येऊन, घर लावून, पुन्हा तिकडे सामान आणायला जात होती. जुलै १९४८ मध्ये भारतानं पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट पद्धत सुरू केली. काही महिन्यांनी पाकिस्ताननंही केली. १९५२च्या ऑक्टोबरपासून पासपोर्ट आणि व्हिसा आले. म्हणजे फाळणीनंतर पाच वर्षांनी भावाला भावाकडे जायला 'परदेश प्रवास' करावा लागू लागला.

त्याच काळात मालमत्तेचे कायदे झाले. जो निघून गेला तो 'इव्हॅक्यूई', त्याची मालमत्ता सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात. दोन्ही देशांत हेच. भारतातल्या कायद्यात तर १९४९-५० च्या सुमारास 'इंटेंडिंग इव्हॅक्यूई' असा एक प्रकार होता. म्हणजे माणूस गेलेला नाही, पण जायचा विचार दिसतो. तो कसा दिसायचा? तर पाकिस्तानात पैसे किंवा मालमत्ता हलवली, तिकडे काही विकत घेतलं, यावरून. याची झळ अर्थातच इथल्या मुसलमान घरांना बसली. कराचीला गेलेल्या भावाला काही पाठवलं तर इथल्या भावाच्या घरावर बालंट यायची भीती. तिकडे सक्करमध्ये बसलेल्या हिंदू थोरल्या भावाचीही हीच गत. भावाला पैसे पाठवणं ही आपल्याकडे माया. कायद्याच्या पुस्तकात तोच पुरावा झाला.

'होम फायर'मध्ये गृहमंत्री जे करतो ते फार नाट्यमय आहे. आपल्याकडे तेच काम कारकुनानं फॉर्मवर केलं. पण प्रश्न दोन्हीकडे एकच: तू यांचा की त्यांचा?

याहून मजेशीर (की वाईट, कोण जाणे) गोष्ट नुकसानभरपाईची. सिंध-पंजाबात सोडून आलेल्या मालमत्तेबद्दल निर्वासितांनी 'क्लेम' भरले, त्यांची तपासणी झाली आणि १९५४च्या कायद्याखाली भरपाई मिळू लागली. ती चढत्या क्रमानं कमी होत जाणारी होती, म्हणजे क्लेम जितका मोठा तितका टक्का लहान. मग एकत्र कुटुंबाचं काय? सगळ्या भावांचा मिळून एकच मोठा क्लेम धरला तर सगळ्यांचंच नुकसान. त्यासाठी १९५५च्या नियमांत तोडगा निघाला. २६ सप्टेंबर १९५५ या दिवशी कुटुंबात वाटणी मागायला पात्र असे दोन किंवा तीन जण असतील तर क्लेमचे दोन भाग धरायचे. चार किंवा जास्त असतील तर तीन. अठरा वर्षांखालचे मोजायचे नाहीत आणि ज्याचा बाप किंवा आजा हयात, तोही मोजायचा नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण बघा, बराकीत एका चुलीवर जेवणारे भाऊ, वाटणीला आता उरलं काय होतं, तर सोडून आलेल्या घराचा कागद. आणि तरी एका ठरावीक तारखेला 'आम्ही किती' हे सरकारला सांगायचं. जो भाऊ तिकडे राहिला तो तर निर्वासितच नाही, मग तो या हिशोबात कसा बसायचा? मैत्रिणीच्या घरी याच वर्षी पहिलं भांडण झालं असं ती सांगते. थोरल्याचा वाटा बाजूला ठेवायचा की नाही यावरून.

आणि बहिणी? त्या या मोजणीत नव्हत्याच. तेव्हाच्या हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाची वाटणी मागण्याचा हक्क मुलींना नव्हता. देशभर तो मिळायला २००५ साल उजाडलं. हिशोब भावांचा झाला. पण नातं कुणी धरून ठेवलं हे बघायला गेलं तर बहुतेक घरांत बहिणीच सापडतात. अँटिगनी बहीण आहे आणि अनिकाही बहीण आहे, याचं मला आता आश्चर्य वाटत नाही.

मैत्रिणीच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात थोरल्या भावाची पत्रं आहेत. १९६५च्या युद्धानंतर पत्रं सरळ येईनात, तेव्हा ती दुबईतल्या कुणा नातेवाइकामार्फत येत. पत्रं आहेत सिंधीत, अरबी वळणाच्या सिंधी लिपीत. मैत्रीण घरी सिंधी बोलते, पण ती लिपी तिला येत नाही. तिच्या वडिलांना थोडीशी येते. १९६७ साली सिंधी भाषा घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली, पण ती अरबी लिपीत लिहायची की देवनागरीत हा वाद इथे वर्षानुवर्षं चालला, आणि दरम्यान मुलं इंग्रजी शाळेत गेली. 'प्रत्येक पत्राच्या सुरुवातीला "अदा" असणार एवढं मला माहीत आहे,' ती म्हणाली. अदा म्हणजे दादा. थोरलाच धाकट्याला प्रेमानं अदा म्हणायचा म्हणे.

या लिपीचा एक धागा आपल्याकडेही येतो. एकोणिसाव्या शतकात सिंधच्या शिक्षणखात्यात नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे मराठी गृहस्थ डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर होते. सिंधीच्या शिक्षणासाठी आणि लिपीसाठी त्यांनी खूप काम केलं. कराचीतल्या १८५५ साली सुरू झालेल्या सरकारी शाळेला त्यांचं नाव आहे. एन.जे.व्ही. स्कूल आजही तिथे आहे, पाकिस्तान झाल्यावरही नाव बदललं गेलं नाही. मराठी माणूस तिथे कसा, असं वाटेल. पण १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीला बदली होणं म्हणजे धारवाडला किंवा अहमदाबादला बदली होण्यासारखंच. संगीताचे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनीही काही काळ कराचीत वकिली केली होती. मुंबईहून दिल्ली लांब, कराची जवळ. बोटीत बसलं की पोचलं.

आता माझ्या घरचं सांगते. आमच्या नातेवाइकांतल्या ज्यांना हे आधीच माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. माझ्या आजोबांचे दोन थोरले भाऊ रत्नागिरीहून कराचीला नोकरीला गेले होते. एक सरकारी कारकून, दुसरे एका खासगी पेढीवर. फाळणीच्या वेळी सरकारी नोकरांना लेखी विचारलं गेलं: भारतात नोकरी करणार की पाकिस्तानात? याला 'ऑप्शन' म्हणत. कारकून आजोबांनी भारत लिहिलं आणि ते मुंबईला आले. पेढीवरच्या भावाला कुणी काही विचारलंच नाही, कारण तो सरकारी नोकर नव्हता. मालकानं सांगितलं, हिशोब पुरे करून दे, मग जा. तो राहिला. १९६५ पर्यंत त्याची पत्रं येत होती. नंतर थांबली. मेला की आहे, कुणाला कळलं नाही.

आपल्याकडे बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघून मग क्रिया करायची रीत आहे. कायदा सात वर्षांत मृत्यू गृहीत धरतो, शास्त्र थोडं जास्त धीराचं. बारा वर्षांनी घरात विषय निघाला तेव्हा या भावांची बहीण, म्हणजे माझ्या वडिलांची आत्या, म्हणाली की मी जिवंत असेपर्यंत करायचं नाही. झालं. त्यावर कुणी बोललं नाही. दर भाऊबीजेला ती हयात भावांना ओवाळायची, मग तबक घेऊन गॅलरीत जायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते हे आपल्याला माहीत आहे. हिला तर भाऊ होते. लहानपणी आम्ही विचारलं तर म्हणायची, 'तिथनं दिसत असेल ना त्यालाही.' एवढंच. ती १९९१ साली गेली. भावाची क्रिया त्यानंतरही कुणी केली नाही.

अँटिगनी भावाला मूठमाती मिळावी म्हणून राजाशी भांडली. आमच्या आत्या-आजीनं भावाला मूठमाती मिळू नये म्हणून घराशी वाद घातला. दोघींचं कारण मला एकच वाटतं. भाऊ कुणाचा, हे दुसऱ्यानं ठरवायचं नाही.

ही निष्ठांची ओढाताण मोठ्या माणसांच्या घरीही होती. आचार्य कृपलानी मूळचे सिंध हैदराबादचे. १९४७ मध्ये काँग्रेसनं फाळणीची योजना स्वीकारली तेव्हा ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांच्या एका भावानं फार पूर्वीच इस्लाम स्वीकारला होता. शेख अब्दुर रहीम या नावानं ते इंग्रजांविरुद्धच्या १९१६च्या 'रेशमी रुमाल' कटात होते. काबूलहून रेशमावर लिहून आलेली पत्रं त्यांच्याकडेच पोचायची होती. एक भाऊ गांधीजींच्या मार्गानं, दुसरा मौलवींच्या. शत्रू दोघांचा एकच. त्यांना कुठल्या देशाच्या रकान्यात घालायचं?

आणि सिंधी कवी शेख अयाज. ते शिकारपूरचे, राहिले पाकिस्तानात. त्यांचे मित्र कवी नारायण श्याम फाळणीनंतर भारतात आले. १९६५च्या युद्धात अयाज यांनी कविता लिहिली की समोर नारायण श्याम असताना मी बंदूक कशी रोखू. त्या कवितेवरून त्यांना तिकडे देशद्रोही ठरवलं गेलं. सख्खा भाऊही नव्हे, मित्र! तिकडेच राहिलेले सोभो ग्यानचंदानी यांचंही असंच. शांतिनिकेतनात शिकलेले, कम्युनिस्ट, हिंदू, आणि पाकिस्तान सोडायला तयार नसलेले. अनेक वर्षं तुरुंगात काढली आणि २०१४ साली सिंधमध्येच वारले.

इथे कुणी म्हणेल, हे सगळं सिंध्यांचं आणि तुझ्या त्या एका आजोबांचं. आम्हा बाकीच्यांचा काय संबंध? संबंध आहे तो आपल्या या रेल्वेलाइनीचा. अंबरनाथ बघा. १०६० सालचं शिलाहारांचं शिवमंदिर सोडलं तर गावातलं जवळजवळ सगळं बाहेरून आलेलं. काड्यापेट्यांचा कारखाना, केमिकलचे कारखाने, मग ऑर्डनन्स फॅक्टरी. ऑर्डनन्सच्या कॉलनीत देशभरातली घरं, आणि त्या प्रत्येक घराचा एक भाऊ गावी. बदलापूर तर भावांच्या वाटणीतूनच वाढलं असं मी म्हणेन. गिरगावची, लालबागची, परळची चाळीतली एक खोली, त्यात तीन भावांची लग्नं झाली. १९८२च्या संपानंतर तर गिरण्याही गेल्या. मग एकानं खोली ठेवायची, बाकीच्यांनी आपला हिस्सा घेऊन डोंबिवलीच्या पुढे, कल्याणच्या पुढे, पार बदलापूरला जायचं. आमचंच घर असं आलं. खोलीवरून आमच्याकडेही दोन वर्षं अबोला होता.

पण फरक बघा. बदलापूरहून सीएसएमटी ६८ किलोमीटर. अबोला धरलेला भाऊ गणपतीला सकाळची लोकल पकडून गिरगावात हजर व्हायचा, आरतीला उभा राहायचा, आणि जेवताना कुणीतरी त्याच्या पानात मोदक वाढायचं. भांडण तिथेच अर्धं संपायचं. सक्करच्या थोरल्या भावाचंही घरात भांडण झालं होतं, पण ते मिटवायला त्याला गाडी नव्हती. मुनाबाव-खोखरापारची रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली ती थेट २००६ मध्ये थर एक्सप्रेस म्हणून सुरू झाली. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ मध्ये बंद झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये थर एक्सप्रेसही थांबली. नाती सांभाळायला माया लागते हे खरं, पण गाडीही लागते.

हे सगळं जुनं झालं असंही नाही. सिंधमधून हिंदू कुटुंबं अजूनही येतात, उल्हासनगरातही येतात. आधी लाँग टर्म व्हिसा, मग नागरिकत्वाचा अर्ज. २०१६ साली केंद्रानं ज्या जिल्हाधिकाऱ्यांना असे अर्ज निकाली काढायचा अधिकार दिला त्यांत ठाणे जिल्हाही होता. २०१९ चा नागरिकत्व दुरुस्ती कायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे, आणि त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे लाँग टर्म व्हिसा त्यातून वगळले होते, पण तो खुलासा येईपर्यंत कॅम्पातल्या किती घरांत झोप लागली नसेल! यांच्यातही कुणी भाऊ घर विकायला मागे थांबलेला असतो. 'चार-सहा महिन्यांत येतो' हे वाक्य आजही तसंच बोललं जात असणार. इथल्याला नागरिकत्व मिळालं की तो भारतीय, आणि मागे राहिलेला परदेशी. निर्णय दोघांनी मिळून घेतलेला, एकाच पंगतीत बसून.

कराचीत आजही थोडी मराठी घरं आहेत. तिथे गणपती बसतो, आरत्या मराठीत म्हणतात. त्याच्या बातम्या अधूनमधून येतात, फोटो येतात. असा फोटो आला की मी तो मोठा करून चेहरे बघते. नाक आमच्याकडचं आहे का, कपाळ आमच्याकडचं आहे का. काही कळत नाही अर्थातच. तो माणूस तर आता असणं शक्यच नाही, आणि त्यानं तिकडे लग्न केलं होतं का हेही आम्हाला ठाऊक नाही. तरी बघते.

मैत्रिणीनं गेल्या महिन्यात डब्यातली पत्रं बाहेर काढली. उल्हासनगरात जुनी लिपी वाचणारे एक निवृत्त सिंधी मास्तर तिला सापडले आहेत, दर रविवारी एक पत्र वाचून दाखवतात. आतापर्यंत चार झाली. पहिल्या तीन पत्रांत उधारीचा हिशोब आहे, कुणाकडून किती यायचे, कुणी किती दिले. तिला वाटलं होतं काहीतरी मोठं निघेल. चौथ्या पत्रात त्यानं लिहिलंय की वसूल झालेल्या पैशांचे तीन भाग करून ठेवले आहेत, तुमचे दोन माझ्याकडे जमा आहेत, येताना घेऊन येईन.

तुमच्या घरी असा एखादा डबा असेल, मोडीतला असो की सिंधीतला, तर वाचणारं माणूस आहे तोवर वाचून घ्या. आणि आमच्या घरातल्या मंडळींनो, रत्नागिरीच्या घराच्या माळ्यावर कराचीची पत्रं आहेत असं काका म्हणायचे. दिवाळीत कुणी जाणार असेल तर मला कळवा. मीही येते.